इमेनहोर्स्टच्या दारावरचं नाव

१

रविवारी सकाळी प्रार्थना आटोपून माणसं इमेनहोर्स्टच्या अंगणात जमली. घरमालक क्लेमेन्स शिडीवर चढला, पक्कड लावून तार तोडली आणि मोठ्या दारावरचं फरच्या फांद्यांचं तोरण एका बाजूने खाली सोडलं. कागदी गुलाबांसकट ते झुलत भिंतीला लागलं. दारावरच्या ओकच्या तुळईवर कोरलेलं नाव आता सगळ्यांना दिसायचं होतं.

नाव नव्हतंच. तुळईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत डांबराच्या काळ्या थराखालून पिवळं लाकूड उघडं पडलं होतं. कोणीतरी पटाशीने ओळच्या ओळ खरवडून काढली होती.

"माझं नाव!" डॉक्टर वाल्डेमार इमेनहोर्स्ट ओरडले. हे दातांचे डॉक्टर दक्षिणेतून, श्टुटगार्टहून आले होते. त्यांनी आयुष्यभर लोकांचे दात उपटले आणि उरलेल्या वेळात आपलं आडनाव उकरलं. अख्ख्या देशात हे आडनाव लावणारी घरं एका मोठ्या टेबलाभोवती बसतील एवढीच. ती सगळी त्यांनी हुडकली आणि जिथून नाव निघालं त्या या शेतावर गोळा केली. दुपारी शहरातून एक कारागीर येणार होता. तुळईवर बसलेलं पिढ्यान्‌पिढ्यांचं डांबर काढून तो खालचा सगळा लेख उघडा करणार होता. डांबराबाहेर इतकी वर्षं दिसत होता तो फक्त शेवटचा मोठा शब्द, इमेनहोर्स्ट. डावीकडे काय कोरलंय ते हयात माणसांपैकी कोणी पाहिलं नव्हतं.

क्लेमेन्स शिडीवरून उतरला आणि बोट रोखून हवालदाराला म्हणाला, "मायरसाहेब, हे कोणी केलं ते सांगायला पोलीस कशाला हवाय? जळणारा माणूस गावात एकच आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. फाटकाशी पलीकडच्या झोपडीतला लुडगर उभा होता. त्याने टोपी काढली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

२

हवालदार एगॉन मायरला आतून बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मायर गावात येऊन अठरा वर्षं झाली होती, तरी तो उपराच होता. टेलिफोनच्या डिरेक्टरीत मायर आडनावाची पानंच्या पानं भरतात. पोतं फाटून वाटाणे सांडावेत तसे मायर देशभर सांडलेत. कोण कुठला, कोणाचा कोण, देवालाही ठाऊक नसेल. आणि हा लुडगर! फाटक्या झोपडीत राहतो, लाकडाचे जोडे करून विकतो, पण आडनाव कसं, तर इमेनहोर्स्ट. मधमाश्यांचं टेकाड. नाव घेतलं की दलदलीतला तो हिरवा उंचवटा, त्यावरची मधाची टोपली सगळं डोळ्यासमोर उभं राहतं. असं नाव देव भलत्याच माणसाला देतो, असं मायरला नेहमी वाटे.

या भागातली एक गंमत आहे. कागदावर तुमचं नाव काहीही असो, गाव तुम्हाला हाक मारतं ती तुम्ही राहता त्या शेताच्या नावाने. म्हणून क्लेमेन्सला सगळं गाव 'इमेनहोर्स्ट' म्हणे, कारण तो इमेनहोर्स्टच्या शेताचा मालक. कागदावर मात्र तो टेपे. त्याचा बाप टेपेंच्या शेतावरून इथल्या मुलीशी लग्न करून घरजावई आला. मुलीचा भाऊ युद्धानंतर रशियात कैदेत मेला असं समजून शेत तिला दिलं गेलं. मग एक दिवस तो मेलेला भाऊ चालत घरी आला. तोवर शेत गेलं होतं. त्याला अंगणापलीकडची 'पोल' नावाची झोपडी मिळाली. त्याचा मुलगा लुडगर. कागदावर अस्सल इमेनहोर्स्ट, पण गावाच्या तोंडी जन्मभर 'पोल'.

म्हणजे एकाकडे शेत आहे पण नाव नाही, दुसऱ्याकडे नाव आहे पण शेत नाही. दोघे आतेमामेभाऊ एकमेकांच्या ताटाकडे बघत म्हातारे होत चालले होते. आणि मायर दोघांच्याही ताटाकडे.

त्यात डॉक्टरांनी तेल ओतलं. कार्यक्रमात त्यांनी जाहीर केलं होतं की तुळई उघडी झाली की तिच्याखाली, क्लेमेन्सच्याच दारात, लुडगरला उभं करून वर्तमानपत्राचा फोटो घ्यायचा. 'इमेनहोर्स्टवरचा शेवटचा इमेनहोर्स्ट.' फोटोत क्लेमेन्सचं काम काय? तर शिडी आणून देणं.

३

मायरने पहिल्यांदा डॉक्टरांना गाठलं.

"मी? मी माझंच नाव कशाला फोडीन?" डॉक्टर तडकले. "ही तुळई संग्रहालयात ठेवायला मी टेपेंकडे मागितली होती, पाहिजे ती किंमत देतो म्हटलं."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या तोंडातला दात मागितला तर द्याल का?"

मायरला हसू आलं. "रात्री कुठे होता?"

"खानावळीत. टेपे आणि मी एकाच टेबलावर. त्यांनी मला दोनदा घरी जाऊ दिलं नाही. शेवटी खानावळवाल्याने दिवे घालवले तेव्हा उठलो, मला वर खोलीत पोचवून मगच टेपे गेले. घरी जाताना त्यांना कोण भेटलं ते तुम्हाला माहीत असेलच."

मायरला माहीत होतं. क्लेमेन्सला घरापर्यंत सोडायला तो स्वतः गेला होता, कारण क्लेमेन्सला सायकल सरळ धरता येत नव्हती. दारात आग्नेसवहिनी कंदिलासारखा चेहरा लाल करून उभ्याच होत्या. त्यांनी नवऱ्याला बखोटीला धरून आत नेलं आणि सकाळपर्यंत हलू दिलं नाही.

मग उरलं तोरण. शनिवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, कंदिलांच्या उजेडात ते चढवलं तेव्हा गाव हजर होतं. ते वर गेलं आणि तुळई झाकली गेली. म्हणजे तुळईवर पटाशी चालवायची तर रात्री तोरण सोडवून पुन्हा बांधायला हवं. मायरने तारेचा तुटलेला वेढा उचलून पाहिला. तिहेरी पीळ, टोक आत वळवलेलं. जोड्यांना पट्टी बांधताना लुडगर हाच पीळ घालतो. गावात दुसऱ्या कोणाच्या बोटांना तो येत नाही.

म्हणजे रात्री ज्याने काम केलं त्याला लुडगरचा पीळ घालता येत होता, आणि रात्री एकटा असलेला माणूस एकच होता. शिवाय अंगणाच्या कडेच्या खाजकुयलीत मायरला एक बाकदार पटाशी सापडली. लाकडी जोडे आतून पोखरायची.

मायरने पटाशी खिशात घातली. इतकं सोपं प्रकरण अठरा वर्षांत मिळालं नव्हतं, आणि इतक्या आवडत्या माणसाविरुद्ध तर नाहीच.

४

लुडगरच्या झोपडीत पॉपलरच्या ओल्या लाकडाचा वास भरला होता.

"ही तुझी?" मायरने पटाशी बाकावर ठेवली.

"माझी."

"खाजकुयलीत कशी गेली?"

"चालत तर गेली नसेल."

"लुडगर, गंमत पुरे. काल शिडीवर तू होतास, तोरण तू बांधलंस."

"मीच बांधणार. अगदी जवळचा, पहिला शेजारी मी आहे, त्याचंच ते काम." लुडगरने पटाशी हातात फिरवली. मुठीच्या टोकाला हातोड्याच्या घावांनी लाकूड चेचलं होतं. लेकराला कोणी मारलं असावं तसा त्याने त्यावरून अंगठा फिरवला. "हिला ठोकायचं नसतं. नुसती दाबायची असते."

मायरच्या लक्षात ते राहिलं, पण राग जास्त होता. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आडनावाचा एवढा तोरा, आणि तेच फोडलंस? फोटो निघाला असता ना तुझा!"

"फोटो मला नको होता. डॉक्टरांना सांगितलंही. ते म्हणाले, हे तुमच्यासाठी नाही, इतिहासासाठी आहे."

"मग सांग की रात्री मी घरी झोपलो होतो, मी केलं नाही!"

"झोपलो होतो. मी केलं नाही."

"कोणी केलं?"

लुडगरने खिडकीबाहेर पाहिलं. समोर क्लेमेन्सचं लाल कौलांचं घर दिसत होतं. झोपडीत दुसरी खिडकीच नव्हती, दुसरं दृश्यही नव्हतं. "मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

"तक्रार पुढे गेली तर तुरुंगात जाशील. गावात कोणी जोडे घेणार नाही तुझे."

"ते खरं," लुडगर म्हणाला आणि रंधा उचलला.

मायर बाहेर आला. चोर असा बोलत नाही, हे त्याला पोलीस म्हणून कळत होतं, आणि चोर हाच असावा असं मायर म्हणून वाटत होतं. दोघांचं भांडण घेऊन तो पुन्हा क्लेमेन्सच्या दाराशी आला.

५

दारासमोर दगडी फरसबंदी होती. तोरण वर चढवल्यावर कात्रीने त्याच्या कडा नीट करतात, तेव्हा सुयांचा सडा पडतो. तो सडा कालपासून तसाच होता. सण संपेपर्यंत तोरणाखाली झाडायचं नाही, झाडलं तर घरातलं भाग्य जातं, असं गावात मानतात.

मायर गुडघ्यांवर बसला. हिरव्या सुयांच्या वर काही नव्हतं, एक कपचीसुद्धा नाही. त्याने बोटाने सुया बाजूला केल्या. दगडांच्या फटीत, सुयांच्या खाली, ओकचा पिवळा भुसा ठासून बसला होता.

त्याने चिमूटभर भुसा उचलून तळहातावर घेतला.

सुया काल संध्याकाळी पडल्या. भुसा त्यांच्या खाली होता. म्हणजे तो आधी पडला. तोरण चढण्याआधीच तुळई फोडलेली होती, आणि कोणी रात्री आलंच नव्हतं. म्हणजे काल तोरण बांधायला शिडीवर चढलेल्या लुडगरने, नाक टेकेल इतक्या जवळून, खाली अंधारात उभ्या असलेल्या गावाला न दिसलेली ती फोडलेली तुळई पाहिली होती. पाहून तोरण बांधलं आणि खाली उतरून सगळ्यांबरोबर घोटभर दारू घेतली.

का गप्प बसला?

उत्तर मायरला अठरा वर्षांत शंभरदा ऐकवलं गेलं होतं, उपरा म्हणून त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. शेजाऱ्याच्या उंबऱ्यात पाहिलेलं शेजाऱ्याच्या उंबऱ्यातच ठेवायचं. पहिला शेजारी बाळंतपणाला सुईण आणतो, तोरण बांधतो, मयताला खांदा देतो आणि तोंड शिवून ठेवतो. दोघे भाऊ एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नव्हते, पण हे त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

आता त्याला फक्त एकच गोष्ट हवी होती, पुरावा. तो स्वयंपाकघराच्या दाराने आत गेला.

"वहिनी, कॉफी मिळेल का?"

"बसा. मनुकांचा पाव आहे, हॅमही कापते. पाहुण्यांना कशाला उरवायचं?" आग्नेसवहिनींनी किटली चुलीवर सरकवली आणि जळणाच्या टोपलीतून मूठभर कपच्या उचलून चुलीत टाकायला हात नेला.

मायरने त्यांचं मनगट धरलं.

कपच्या ओकच्या होत्या, आणि एका बाजूने डांबराने काळ्या.

"ही टोपली कोणी भरली?"

"क्लेमेन्सने. काल सकाळी. आम्ही सगळ्या बायका खानावळीत तोरण वळत होतो ना, तेव्हा तो एकटाच..." त्या थांबल्या. "लाकडाची ढलपीसुद्धा वाया घालवत नाही तो. बापाची सवय. काय झालं, मायरसाहेब?"

६

मायरने तिघांना स्वयंपाकघरात बोलावलं. क्लेमेन्स चुलीजवळ उभा राहिला, डॉक्टर खुर्चीत, लुडगर दाराशी. मालकाच्या घरात तो कधी दाराच्या आत येत नसे.

"काल दुपारपासून तोरण चढेपर्यंत घरच्यांनी बाहेर यायचं नसतं," मायर म्हणाला. "पडदे ओढून आत बसायचं. म्हणून क्लेमेन्स, तुझ्यावर कोणाचाच संशय नव्हता. आणि रात्री तर तू आमच्या गळ्यात पडूनच होतास, मुद्दाम. पण तुळई काल सकाळीच फुटली. अंगण रिकामं होतं, बायका खानावळीत होत्या, लुडगर रानात फांद्या तोडत होता आणि त्याची झोपडी उघडी होती. तू त्याची पटाशी आणलीस, हातोड्याने ठोकलीस, जोडे करणारा ती कधी ठोकत नाही. अंगण झाडलंस, पण फटीतला भुसा राहिला. कपच्या टोपलीत भरल्यास, कारण जळण फुकट कसं टाकायचं!"

"माझी तुळई, माझं घर!" क्लेमेन्स म्हणाला. आवाज फाटला होता.

"हो. त्याला शिक्षा नाही. पण आळ याच्यावर घेतलास. तो शिडीवर चढणार, बघणार आणि गप्प राहणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या चांगुलपणावर तू पैज लावलीस."

आग्नेसवहिनी खाली बसल्या. "का रे?" त्या म्हणाल्या. "अरे, काय कमी होतं तुला?"

"काय कमी?" क्लेमेन्स उसळला. "पहाटे चारला उठून गाई मी पिळतो. छप्पर मी शाकारलं. दलदलीतलं पाणी माझ्या बापाने काढलं. आणि फोटोत कोण उभा? हा! माझ्या दारात! कारागीर डांबर काढणार, खालून पिढ्यान्‌पिढ्यांचे इमेनहोर्स्ट निघणार, आणि सगळे माझ्याकडे बघून म्हणणार, हा टेपे, घरजावयाचं पोर. मला ते बघायचं नव्हतं. नाव माझं होत नसेल तर याचंही राहू नये, बस्स."

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन," मायर पुटपुटला. मग त्याने टोपली टेबलावर पालथी केली. "पण कापलंस कोणाचं नाक, ते बघितलंस का?"

चुलीजवळच्या उबेने कपच्यांवरचं डांबर मऊ झालं होतं. मायरने फडक्याने एकेक पुसली. कोरलेल्या अक्षरांत जुना चुना भरलेला होता, काळ्यावर तो पांढरा उठून दिसू लागला. वहिनींनी तुकडे जुळवायला घेतले. काही सापडले नाहीत, त्यांच्यावर कालची कॉफी झाली होती. पण ओळ वाचता आली.

योहान गेर्ड टेपे, आता इमेन...

"टेपे?" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "इथे टेपे कसा?"

"हे घर बांधणारा, दारावर त्याचंच नाव कोरतात. तोही घरजावईच आलेला," मायर म्हणाला. "तेव्हाची रीत होती, जो शेतावर आला त्याने शेताचं नाव घ्यायचं, कागदावरसुद्धा. सरकारने ती नंतर मोडली. डॉक्टर, तुमचे पणजोबा-खापरपणजोबा सगळे याच योहान गेर्डचे ना?"

"सगळे," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "मीच सिद्ध केलं होतं ते."

"मग तुम्ही सगळे टेपे."

"पण टेपे तर... इथला खाटीक टेपे आहे! बसचा ड्रायव्हर टेपे आहे!"

"आणि जनावरांचा डॉक्टरही," लुडगर दारातून म्हणाला. "तोही दात काढतो."

कोणी हसलं नाही. सगळे क्लेमेन्सकडे बघत होते. त्याने हात पुढे करून 'टेपे'चा तुकडा उचलला. ज्या माणसाने हे घर उभं केलं तो त्याच्याच बापासारखा, त्याच शेतावरून, त्याच वाटेने आला होता आणि इमेनहोर्स्ट झाला होता. सरकारने नाही दिलं ते नाव या दाराने क्लेमेन्सला जन्मापासून दिलेलं होतं. आज दुपारी डांबर निघालं असतं तर फोटो त्याचा निघाला असता. आणि ते त्याने स्वतःच्या हाताने, उसन्या पटाशीने काढून जळणात टाकलं होतं.

"तू काल बघितलंस," तो लुडगरला म्हणाला. मान वर केली नव्हती. "मग तोंड का नाही उघडलंस? सकाळी मी सगळ्यांसमोर बोट दाखवलं तेव्हा तरी?"

"तुझ्या मयताला पहिला खांदा माझा आहे," लुडगर म्हणाला. "त्याआधी तुझी अब्रू कशी खाली टाकू?"

क्लेमेन्सने तुकडा टेबलावर आपटला. "बघा!" तो ओरडला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "हेसुद्धा यालाच जमावं! हेसुद्धा!"

७

मायर आणि लुडगर अंगण ओलांडून निघाले. आत डॉक्टर पाहुण्यांना काहीतरी समजावत होते आणि पाहुण्यांचा आवाज चढत होता.

"तक्रारीचं काय?" लुडगरने विचारलं.

"मी लिहूनच घेतली नव्हती." ही थाप होती. डॉक्टरांच्या तक्रारीचा खिशातला कागद संध्याकाळी चुलीत टाकायचा, असं मायरने ठरवलं. मग तो म्हणाला, "माझं चुकलं. तू असावास असं मला वाटत होतं. तुझ्या नावाचा हेवा वाटायचा."

"माझ्या?" लुडगर थांबला. "मला गावात कोणी या नावाने हाक मारली नाही कधी. तुम्हाला तरी मारतात."

"मला? मला काय म्हणतात ठाऊक आहे. डेअरी. जुन्या डेअरीच्या इमारतीत राहतो म्हणून. पाठीमागे हसतात."

"हसत नाहीत हो. आधीचा हवालदार तिथेच राहायचा, त्याला मरेपर्यंत नुसतं 'पोलीस' म्हणायचे. घराचं नाव त्याला गावाने कधी दिलं नाही." लुडगर टोपी मागे सारून म्हणाला, "तो पहिला माणूस मधमाश्यांच्या टेकाडावर राहायला गेला, तेव्हा त्याचंही असंच झालं असेल. तोही चिडला असेल."

मागे शिडीचा आवाज झाला म्हणून दोघे वळले.

क्लेमेन्स एकटाच शिडीवर चढला होता. एका हाताने तोरण ओढून तो फोडलेल्या जागेवर धरायचा प्रयत्न करत होता. एक टोक बसवलं की दुसरं सुटत होतं, कागदी गुलाब गळून खाली पडत होते. वहिनी दारात उभ्या होत्या, पण मदतीला पुढे झाल्या नाहीत. घरच्याने आपलं तोरण आपण बांधायचं नसतं.

लुडगरने मोठा श्वास सोडला आणि परत फिरला.

"उतर खाली," तो म्हणाला. "हे माझं काम आहे."

क्लेमेन्सने खाली बघितलं. मग तो एकेक पायरी उतरला आणि बाजूला झाला. लुडगर वर चढला, खिशातून नवी तार काढली आणि तोरण खांद्यावर घेतलं. जुनी शिडी दगडांवर डुगडुगली.

"अहो डेअरी," तो वरून ओरडला, "बघत काय उभे राहिलात? शिडी धरा की!"

मायर धावला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभा राहिला.